घटक ५ : जंगलतोड, संसर्गजन्य रोग आणि सार्वजनिक आरोग्य (जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात)

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• जंगलतोड आणि संसर्गजन्य रोग यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• माकडतापाच्या उदाहरणावरून रोगसाखळीचे टप्पे सांगता येतील.
• जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील जमीन, पाणी व आरोग्य यांचा परस्परसंबंध तपासता येईल.
• या विषयावर लेखन करताना कार्यकारणभाव काळजीपूर्वक मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण सह्याद्रीतील वने आणि लोकजीवन यांचा परिचय करून घेतला. जंगल तुटले की पाऊस कमी होतो, माती वाहून जाते, प्राणी बेघर होतात, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. जंगल तुटल्याने माणसाला होणारे आजारही बदलतात, ही बाजू मात्र फारशी शिकवली जात नाही. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोग मूळचे प्राण्यांकडून आलेले आहेत. त्यामुळे प्राणी, कीटक आणि माणूस यांच्या राहण्याच्या जागा बदलल्या की रोगांच्या वाटाही बदलतात. प्रस्तुत घटकात आपण याच प्रक्रियेचा विचार करणार आहोत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ प्रदेशाची ओळख

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके होत. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला, अतिवृष्टीचा आणि डोंगराळ आहे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती येथे आहे. भातशेती, गुरे आणि हिरड्यासारखे वनोपज यांवर त्यांची उपजीविका चालते. पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. शेकरू आणि देवराया ही त्याची ओळख आहे.

पूर्व भागाचे चित्र वेगळे आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात, तर घोड नदीवरील डिंभे धरण आंबेगाव तालुक्यात आहे. या पाण्यावर ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे अशी पिके उभी राहिली. एकाच तालुक्यात घनदाट रान, विरळ झालेले डोंगर, जलाशय आणि बारमाही बागायत शेजारी शेजारी नांदतात. जमिनीच्या वापरातील बदलाचा आरोग्यावर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी हा प्रदेश म्हणूनच उपयुक्त ठरतो.

५.३.२ जंगलतोडीमुळे रोगसाखळी कशी बदलते?

रोगजंतू, त्याला आश्रय देणारा प्राणी (यजमान), त्याला वाहून नेणारा डास किंवा गोचीड (वाहक) आणि माणूस हे रोगसाखळीचे चार दुवे होत. जंगलतोडीचा परिणाम या दुव्यांवर प्रामुख्याने तीन प्रकारे होतो.

पहिला परिणाम संपर्काचा. सलग जंगलाचे तुकडे झाले की जंगल आणि शेत यांच्यामधील सीमारेषा लांबते. याच सीमारेषेवर गुरे चरतात, सरपण गोळा होते आणि वन्यप्राणीही उतरतात.

दुसरा परिणाम वाहकांच्या अधिवासाचा. दाट सावलीतील डबक्यांऐवजी उन्हातील साचलेले पाणी तयार झाले, तर तेथे वेगळ्या जातीचे डास वाढतात. पेरू देशातील ॲमेझॉन खोऱ्याविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंगल तुटलेल्या भागात मलेरियाचा प्रमुख वाहक डास माणसाला चावण्याचे प्रमाण दाट जंगलाच्या तुलनेत २७८ पटींहून अधिक आढळले.

तिसरा परिणाम प्राण्यांच्या समतोलाचा. जंगलातील अनेक जाती नाहीशा झाल्या, तरी उंदीर-घुशींसारखे माणसाच्या आसऱ्याने जगणारे प्राणी टिकून राहतात आणि वाढतात. लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाचे जंतू त्यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात मिसळतात. भातलावणीच्या काळात पायाला जखम असताना चिखलात उतरणाऱ्यास या रोगाचा धोका असतो. तोडलेल्या जंगलाच्या जागी झुडपे माजली, तर स्क्रब टायफसचा प्रसार करणाऱ्या सूक्ष्म माइट किड्यांनाही आसरा मिळतो.

५.३.३ माकडतापाचे उदाहरण

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या रोगाच्या शोधकार्यात मोठा वाटा उचलला. हा रोग 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' किंवा लोकभाषेत 'माकडताप' म्हणून ओळखला जातो. लागण झालेल्यांपैकी साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात.

या तापाला माकडाचे नाव मिळाले असले, तरी माणसाला तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो. वानर आणि माकड हे स्वतः या रोगाचे बळी आहेत. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची बनते. गाईगुरे या तापाने आजारी पडत नाहीत, परंतु प्रौढ गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसल्या जातात. त्यामुळे जंगलात चरणाऱ्या गुरांबरोबर गोचिडींची संख्या वाढते. गोचिडीची लहान अवस्था कोरड्या हंगामात अधिक सक्रिय असते, म्हणून हा रोग साधारणतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिसतो. पालापाचोळा, सरपण आणि काजू गोळा करण्याचा काळही हाच. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही.

अनेक दशके कर्नाटकातील काही भागांपुरता मानला गेलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. जंगल, काजूच्या बागा, भातशेती आणि वस्ती यांची सरमिसळ असलेला हा पट्टा आहे. अशा सरमिसळीच्या भूभागात या रोगाचा धोका अधिक असतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

५.३.४ पाणी आणि आरोग्य

डोंगरावरील झाडोरा पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यास मदत करतो. तो विरळ झाला की पाणी वेगाने वाहून जाते आणि झरे लवकर आटतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, ती काही अंशी याचमुळे. उरलेल्या डबक्याचे पाणी प्यायल्याने अतिसार व कावीळ यांचा धोका वाढतो. पाणी पिंपांत आणि टाक्यांत साठवून ठेवावे लागले, तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला घराजवळच जागा मिळते. खाली बागायती पट्ट्यात अडचण उलट आहे. तेथे पाटांच्या गळतीमुळे व साचलेल्या पाण्यामुळे मलेरियाचे वाहक डास वाढू शकतात.

५.३.५ उसातील बिबट्या आणि रेबीज

जुन्नर परिसरात बिबट्या उसात स्थिरावला आहे. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्रही आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात कुत्रा हे बिबट्याचे प्रमुख भक्ष्य असल्याचे दिसले. भारतात माणसाला होणारा रेबीज मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून होतो. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. म्हणजे गावातील कचऱ्याचा प्रश्न वन्यजीवांचाही आहे आणि आरोग्याचाही. कुत्रा किंवा वन्यप्राणी चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालयात लस घेणे आवश्यक असते.

५.३.६ निष्कर्ष काढताना घ्यावयाची काळजी

दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. जुन्नर-आंबेगावात वानरे, गुरे, गोचिडी आणि वनोपज गोळा करणारी माणसे आहेत, एवढ्यावरून तेथे माकडताप होईल असे म्हणता येत नाही. त्यासाठी विषाणूही असावा लागतो. सजग राहावे, इतकाच निष्कर्ष त्यावरून निघतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे १५० माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळीही अतिवृष्टी, तीव्र उतार, वृक्षतोड आणि उतारावरील जमिनीचे सपाटीकरण अशा अनेक कारणांची चर्चा झाली. एकाच कारणावर बोट ठेवणे सोपे असते, पण उपाय चुकतो.

रोगाचा दोष जंगलाला देणे, किंवा सरपण आणणाऱ्या आदिवासी स्त्रीला देणे, हीही अशीच चूक होय. रस्ते, धरणे, बांधकामे आणि शहरांची मागणी यांमुळे भूभाग बदलतो. आजाराची पहिली झळ मात्र रानाच्या कडेला राहणाऱ्याला बसते, आणि रुग्णालय त्याच्यापासूनच सर्वांत दूर असते. भीतीपोटी माकडे किंवा वटवाघळे मारल्याने रोग थांबत नाही. उलट त्यांच्याशी थेट संपर्क येऊन धोका वाढतो.

५.३.७ उपाययोजना

१. रानात मृत माकड आढळल्यास हात न लावता वनविभाग व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवणे.
२. रानात जाताना अंग झाकणारे कपडे घालणे, परतल्यावर अंघोळ करून गोचिडी तपासणे.
३. तापाच्या रुग्णाने आपण रानात, शेतात किंवा परगावी मजुरीला गेलो होतो का, हे डॉक्टरांना सांगणे.
४. देवराया व झऱ्यांच्या पाणलोटातील झाडोरा राखणे. यात वनहक्क कायदा, २००६ अन्वये ग्रामसभेला मिळालेल्या अधिकारांचा उपयोग होऊ शकतो.
५. आरोग्य, पशुसंवर्धन व वन या तिन्ही विभागांनी माहितीची देवाणघेवाण करणे. या विचारास 'एक आरोग्य' असे म्हणतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. माकडतापाचा विषाणू माणसापर्यंत मुख्यतः कोणामार्फत पोहोचतो?
२. डिंभे धरण कोणत्या नदीवर आहे?
ब) चूक की बरोबर ते सांगा.
३. माकडताप एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होतो.
४. जंगलाचे तुकडे झाल्यास जंगल आणि शेत यांमधील सीमारेषा वाढते.

५.४ सारांश

जंगलतोडीमुळे माणूस, प्राणी आणि रोगवाहक यांच्यातील अंतर बदलते. कधी संपर्क वाढतो, कधी वाहकांच्या जाती बदलतात, तर कधी पाण्याच्या टंचाईतून आजार उद्भवतात. माकडतापाच्या उदाहरणावरून जंगल, बागा, गुरे आणि वस्ती यांची सरमिसळ किती महत्त्वाची आहे हे दिसते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत डोंगर आणि बागायत या दोन्ही बाजूंचे प्रश्न वेगळे असले, तरी ते एकाच पाण्याने जोडलेले आहेत. जंगल राखणे हे म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचेही काम आहे.

५.५ पारिभाषिक शब्द

प्राणिजन्य रोग : प्राण्यांकडून माणसाकडे येणारा रोग.
यजमान : ज्याच्या शरीरात रोगजंतू वाढतो तो सजीव.
वाहक : रोगजंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा कीटक वा गोचीड.
देवराई : देवाच्या नावाने राखलेले रान.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. गोचिडीमार्फत. २. घोड नदीवर. ३. चूक. ४. बरोबर.

५.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. जंगलतोडीचे रोगसाखळीवर होणारे तीन परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'एक आरोग्य' या संकल्पनेची आपल्या तालुक्याच्या संदर्भात चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील दोन ज्येष्ठ व्यक्ती व आशा कार्यकर्ती यांच्याशी बोला. गेल्या ३० वर्षांत रान, पाणवठे, गुरांची संख्या आणि तापाचे आजार यांत कोणते बदल झाले, ते सुमारे ५०० शब्दांत लिहा. सांगणाऱ्याचे निरीक्षण आणि आपण काढलेला निष्कर्ष स्वतंत्र परिच्छेदांत मांडा.