‘हो’ म्हणायला कुणी उरलं नाही तर

नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारं कमांड लाइनचं साधन लिहायला घेतलं की बहुतेकांचं लक्ष आधी कमांडच्या नावांकडे जातं, मग रंगीत तक्त्यांकडे, मग जेसन आउटपुटकडे. ही कामं करावीच लागतात. पण या साधनाची खरी गोम वेगळीच आहे. फाइल पुसणारी कमांड चुकली तर फाइल जाते, पण माणूस टर्मिनलसमोर शाबूत असतो आणि निमूट बॅकअप शोधायला लागतो. नेटवर्क बदलणारी कमांड चुकली तर माणूसच बाहेर फेकला जातो, कारण ज्या वाटेने तो सर्व्हरवर आलेला असतो, तीच वाट त्याची कमांड बदलत असते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की ठरलेल्या मुदतीत होकार आला नाही तर साधनाने आपोआप जुनी स्थिती परत आणावी. ही सोय पुढच्या आवृत्तीत जोडू म्हणून ठेवू नये, आणि ती मिळवायला वेगळा पर्यायही द्यावा लागू नये.

‘नीट वाचून एंटर दाबा’ एवढ्याने का भागत नाही, हे लिनक्सवर लगेच दिसतं. ‘आयपी’ कमांडने इंटरफेस डाउन करून लगेच अप करायचा, दोन्ही कमांड एकाच ओळीत लिहायच्या, म्हणजे मध्येच संपर्क तुटला तरी दुसरी चालेल, असा हिशेब पुष्कळ जण मांडतात. दुसरी कमांड चालतेही. इंटरफेस वर येतो, आयपीव्ही४चा पत्ता जागेवर असतो, त्या सबनेटचा रूटही परत येतो. मात्र हाताने घातलेला डिफॉल्ट रूट डाउन होताना कर्नलने काढून टाकलेला असतो आणि तो काही परत येत नाही. शेजारच्या मशीनवरून सर्व्हर उत्तर देतो, दुसऱ्या गावाहून देत नाही. आयपीव्ही६चे हाताने दिलेले पत्तेही, मुद्दाम वेगळं सेटिंग केलेलं नसेल तर, डाउन होतानाच जातात. एकाच सबनेटमधले दोन पत्ते असतील आणि त्यातला प्रायमरी काढला, तर दुसऱ्याला बढती देण्याचं सेटिंग चालू नसल्यास दोन्ही नाहीसे होतात. यातल्या एकाही ठिकाणी टायपिंगची चूक नाही. कमांड बरोबर होती, परिणाम डोळ्यांसमोर नव्हता.

यावरचा उपाय मी शोधलेला नाही, तो जुनाच आहे. जुनिपरच्या जूनॉसमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं की वेगळी मुदत न सांगितल्यास १० मिनिटं वाट पाहिली जाते आणि बदल मागे घेतला जातो. उबंटूचं ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंद थांबतं. सिस्कोच्या राउटरवर जुनेजाणते आधी ‘रीलोड इन’ लावून ठेवतात, म्हणजे काही बिघडलंच तर राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन उचलतो. (घाईने आधीच सेव्ह करून बसलं, की ही तजवीज मातीत गेली.) पण मला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते ती ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ ही छोटीशी स्क्रिप्ट. तिची मुदत एरवी अवघी १० सेकंदांची, पण तिचा प्रश्न फार विचारपूर्वक बेतलेला आहे. ‘सगळं ठीक आहे ना?’ असं ती विचारत नाही. या मशीनशी नवी जोडणी करता येते का, असं विचारते. फरक मोठा आहे. फायरवॉलमध्ये आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांना मुभा देणारा नियम बहुधा वर असतो. त्याच्याखाली तुम्ही चुकून पोर्ट २२ बंद केलात, तरी तुमचं चालू एसएसएच सत्र मजेत चालत राहतं. त्या सत्रातून दिलेला ‘हो’ काहीच सिद्ध करत नाही. तेव्हा होकार घ्यायचा तो दुसऱ्या, नव्याने उघडलेल्या जोडणीतून. त्यासाठी साधनात ‘कन्फर्म’ ही स्वतंत्र कमांड ठेवा.

दुसरी मेख टायमर कुठे चालतो यात आहे. तो तुमच्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच टर्मिनलला बांधलेला असेल, तर सत्र तुटताच त्याला हँगअप सिग्नल मिळतो आणि जुनी स्थिती आणणाराच आधी मरतो. सत्र तुटल्याचं सर्व्हरला लगेच कळेल याचीही खात्री नाही. पाठवलेल्या डेटाला पोच आली नाही तर लिनक्सचं टीसीपी नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे १५ मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. नेटवर्कमॅनेजरने चेकपॉइंट ठेवला आहे तो मागे चालणाऱ्या डीमनमध्ये, आणि मुदत संपली की तोच मागे फिरतो. त्याला आज्ञा देणारा प्रोग्रॅम जिवंत आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हीच मांडणी योग्य. डीमन नसेल तर सिस्टमडीकडे टायमर सोपवा, आणि तो लागल्याची खात्री झाल्याशिवाय पहिला बदल करू नका.

जाणकारांना असे लाड कशाला, हा आक्षेप ठरलेला असतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं जाळं सुमारे सहा तास बंद पडलं, ते बॅकबोनची क्षमता तपासायला दिलेल्या एका कमांडमुळे. तिला अडवायला तपासणीचं साधन होतं, त्यातच बग निघाला. पर्यायी वाटेनेही आत शिरता येईना, तेव्हा इंजिनिअरांना डेटा सेंटर गाठावं लागलं. तिथे नवशिके बसले होते, असं कोण म्हणेल? ‘कन्सोल असतोच की’ या उत्तराचीही किंमत त्या दिवशी कळली. स्क्रिप्टचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. होकाराची वाट पाहणारं साधन ऑटोमेशनमध्ये अडकून पडेल, हे खरं. पण एनएमस्टेटने बदल लावणं आणि तो कायम करणं या दोन वेगळ्या कमांड ठेवल्या आहेत. त्यामुळे स्क्रिप्ट नवी जोडणी करून स्वतःच होकार देऊ शकते, आणि हा होकार माणसाच्या होकारापेक्षा भरवशाचा असतो. मागे फिरणं दर वेळी पूर्ण होत नाही, हेही मान्य. बाँड आणि ब्रिजची पॅरामीटर्स परत आणता येत नाहीत, हे नेटप्लॅनच कबूल करतं. अशा वेळी साधनाने बदल करण्याआधी तसं स्पष्ट सांगावं. नुसतं गप्प राहून पुढे जाऊ नये.

राहता राहिली चाचणी. दोन नेटवर्क नेमस्पेस व्हेथच्या जोडीने जोडा, एकातून दुसऱ्यात एसएसएच करा आणि तुमच्याच साधनाने तीच जोडणी तोडा. मग टर्मिनल बंद करून मुदत संपू द्या आणि पुन्हा आत जाऊन पाहा. जाता आलं नाही, तर ते साधन अजून कुणाच्या हाती देऊ नका.