थेंबाथेंबाचा हिशेब : वाहनचालकाचे कसब आणि इंधनबचतीच्या स्पर्धा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव एकमुखी दत्ताच्या मंदिरामुळे आणि दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारामुळे महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. घोडा घेण्यासाठी आलेला जाणकार जनावराचे रंगरूप पाहतो, दात पाहतो. परंतु त्याचे खरे समाधान होते ते चाल पाहिल्यानंतरच. लांबच्या मजलेला संथ व एकसारख्या चालीचा घोडा उपयोगी पडतो, कारण तो स्वतः कमी दमतो आणि स्वारालाही कमी दमवितो. त्याच सारंगखेड्यावरून दोंडाईचा-शहादा मार्गावरील एस.टी. गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, केळी-पपईने भरलेले मालट्रक आणि असंख्य मोटारसायकली तापी ओलांडून जात असतात. त्यांच्या बाबतीत मात्र चालीची पारख क्वचितच होते. वाहन विकत घेताना ‘लिटरला किती देते?’ हा प्रश्न आवर्जून विचारला जातो. तेच वाहन चालविणारा माणूस त्यातून किती काढतो, हे सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि अवघ्या तीन-चार महिन्यांत खनिज तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रालाही १९७४ च्या प्रारंभी महामार्गांवरील वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवर, आणावा लागला. आपल्या देशात १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेने वाहनचालक, कारखानदार व शेतकरी यांच्यापर्यंत इंधनबचतीचे तंत्र पोचविण्याचे काम हाती घेतले. तिच्या प्रचारसाहित्यात मोटारींसाठी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत किफायतशीर म्हणून सांगण्यात आलेला आहे.

बचत किती होऊ शकते, याची कल्पना एका साध्या हिशेबावरून येईल. समजा, एका आगाराच्या शंभर गाड्या दररोज प्रत्येकी ३०० किलोमीटर धावतात आणि लिटरमागे सरासरी साडेचार किलोमीटर जातात. दिवसाला सुमारे ६,६६७ लिटर डिझेल लागेल. ही सरासरी केवळ शंभर मीटरने वाढून ४.६ झाली, तर रोज सुमारे १४५ लिटर आणि वर्षाला सुमारे ५३ हजार लिटर डिझेल वाचेल. डिझेलचा एक लिटर जळला की सुमारे २.७ किलो कर्बद्विप्राणिल वायू हवेत जातो. तेव्हा वर्षाला १४० टनांच्या आसपास वायूही टळेल. लिटरमागे शंभर मीटर ही वाढ नव्या यंत्रसामग्रीविना, केवळ पायाच्या वळणाने साधण्याजोगी आहे.

पायाचे वळण

इंधन खर्च होते ते मुख्यतः तीन ठिकाणी : वाहनाला गती देण्यात, हवेचा विरोध मोडण्यात आणि चाकांचे घर्षण सोसण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला जो विरोध असतो, तो ८० किलोमीटरला अडीचपटीहून अधिक होतो. म्हणूनच वेगाच्या हौसेची किंमत वेगापेक्षा फार झपाट्याने वाढत जाते.

परंतु ग्रामीण मार्गावर याहूनही मोठी उधळपट्टी होते ती ब्रेकमध्ये. डिझेल जाळून मिळविलेली गती ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जाते आणि पुन्हा तीच गती मिळविण्यासाठी पुन्हा डिझेल जाळावे लागते. कुशल चालकाची नजर त्यामुळे समोरच्या वाहनावर न खिळता त्याच्याही पलीकडे असते. थांब्यावर हात दाखविणारा प्रवासी, रस्ता ओलांडू पाहणारी गुरे, गतिरोधक, वळणाआडून येणारी बैलगाडी हे सारे त्याला आधी दिसते. तो ॲक्सिलरेटरवरून पाय वेळीच काढतो आणि गाडी आपल्याच ओघाने मंदावू देतो. गाडी उठविताना तो रेस न मारता हळूवार उचलतो, गिअर वेळेवर वर नेतो, आणि इंजिन कण्हू लागण्यापूर्वी खाली आणतो. बऱ्याच नव्या गाड्यांच्या फेरेमापकावर हिरवा पट्टा आखलेला असतो. काटा त्या पट्ट्यात राखणे हे निम्मे काम होय. क्लचवर सतत पाय टेकवून ठेवण्याची सवय तर इंधन आणि क्लचप्लेट दोन्ही खाते. बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीच नवे वाटणार नाही. चढाच्या मध्यावर चाबूक ओढण्यापेक्षा चढ येण्याआधीच बैलांना चालते करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

वाहनाच्या प्रकृतीचाही यात वाटा आहे. हवा कमी असलेली चाके वाहनाला मागे खेचतात. खानदेशातील उन्हाळी धुळीने एअर क्लीनर कोंदला की इंजिनाला श्वास पुरत नाही व काळा धूर येऊ लागतो. काळा धूर म्हणजे न जळालेले डिझेलच. शेतात नांगरटीसाठी ट्रॅक्टरच्या चाकांत भरलेले पाणी रस्त्यावरच्या वाहतुकीत निष्कारण ओझे ठरते. गळतीकडे तर कोणी गांभीर्याने पाहतच नाही. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या जोडातून दिवसाला चार लिटरहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक डिझेल मातीत जाते.

उभ्या वाहनाचा खर्च

शहादा परिसरात ऊस गाळपाच्या हंगामात पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. अशा कोणत्याही रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असलेले ट्रॅक्टर दिसतात, आणि चालकाला बेपर्वा ठरवून पाहणारा मोकळा होतो. चौकशी केली तर बहुधा निराळेच कारण निघते : बॅटरी उतरलेली असते किंवा स्टार्टर बिघडलेला असतो, एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होईल याची खात्री चालकाला नसते. बसस्थानकावर घरघरत उभ्या राहणाऱ्या बसगाडीमागेही काही वेळा हेच कारण असते. येथे चालकाला उपदेश करून उपयोग नाही. बॅटरी बदलून दिली पाहिजे, आणि ते काम मालकाचे किंवा कार्यशाळेचे आहे. शासकीय वाहनांच्या बाबतीत तर आणखी एक घटक मोजावा लागेल. बैठकीला उशिरा निघून वेळेवर पोचण्याची अपेक्षा बाळगणारा अधिकारी मागच्या आसनावर असेल, तर लॉगबुकातील घसरलेल्या सरासरीचा जाब एकट्या चालकाला विचारणे न्यायाचे होणार नाही.

घाटातील मोह

इंधनबचतीच्या नावाखाली रुजलेली एक प्रथा मात्र कठोरपणे मोडून काढावयास हवी. उतार लागताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करून, ती सोडून देण्यात अनेकांना शहाणपण वाटते. सारंगखेड्यापासून शहाद्यापर्यंतचा पट्टा तापी खोऱ्यातला, सपाट; पण त्यापुढे तोरणमाळचा चढ आहे, तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैलीचा घाट आहे. तेथे ही सवय जीवघेणी ठरते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो व सारा भार ब्रेकवर पडतो. वारंवार दाबल्याने ब्रेकचे ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. इंजिन बंद असल्यास हवेच्या ब्रेकला हवा पुरविणारा काँप्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

शिवाय यात अपेक्षित बचतही होत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की चाके इंजिनाला फिरवीत राहतात. इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत गव्हर्नर अथवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण डिझेलचा पुरवठा तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या बळावर फिरत असल्याने त्याला डिझेल द्यावेच लागते. ज्या तीव्र उतारावर नाहीतरी ब्रेक लावावा लागणार, तेथे योग्य खालचा गिअर हाच सुरक्षित आणि किफायतशीर मार्ग होय. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, या घाटरस्त्याच्या नियमालाही इंधनाची बाजू आहे. चढावर थांबवलेली भरलेली गाडी पुन्हा उठविण्यास जेवढे डिझेल लागते, तेवढे उतरणाऱ्या गाडीला क्षणभर थांबण्यास लागत नाही.

पैजेपासून स्पर्धेपर्यंत

हे कौशल्य वाढावे म्हणून जगात स्पर्धांचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात वुड रिव्हर येथे शेल कंपनीच्या संशोधकांत एका गॅलनमध्ये कोण अधिक लांब जातो, यावर मित्रत्वाची पैज लागली. जिंकणाऱ्याने गॅलनला जवळजवळ ५० मैल, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर काढले. पुढे ही पैज स्पर्धेच्या रूपाने वाढत गेली आणि १९७३ मध्ये एका बदल केलेल्या जुन्या ओपेल मोटारीने लिटरमागे सुमारे १६० किलोमीटरचा पल्ला गाठला. हा आकडा थक्क करणारा असला तरी रस्त्यावरच्या चालकाने त्याच्या मोहात पडू नये. मोटारीतील अनावश्यक भाग काढून टाकून, अत्यंत मंद गतीने, मोकळ्या मार्गावर केलेला तो प्रयोग होता. त्यातून यंत्रशास्त्राला लाभ झाला. शहाद्याच्या बाजारपेठेतून साठ प्रवासी नेणाऱ्या चालकाने त्याचे अनुकरण करण्यासारखे त्यात काही नाही.

अमेरिकेतच १९३६ पासून १९६८ पर्यंत चाललेली मोबिल कंपनीची काटकसर-दौड यापेक्षा अधिक बोधप्रद म्हणावी लागेल. तीत बाजारात मिळणाऱ्या मोटारी नेहमीच्या रस्त्यांवरून नेल्या जात आणि प्रत्येक मोटारीत निरीक्षक बसत असे. जड व हलक्या मोटारींची एका मापाने तुलना करणे अन्यायाचे, हे ओळखून बरीच वर्षे विजेता ठरविताना वाहनाचे वजन आणि अंतर यांची सांगड घालण्यात येई.

आपल्याकडील बक्षीस-योजनांत नेमका हाच मुद्दा निसटण्याचा धोका असतो. फलकावर सर्व चालकांची सरासरी एकाखाली एक लिहून पहिल्या क्रमांकाला बक्षीस दिले, तर सपाट रस्त्यावर नवी गाडी चालविणारा पुढे येणार आणि चांदसैलीच्या घाटातून जुनी गाडी काढणारा, कितीही निष्णात असला, तरी तळाशी राहणार. त्याला दोनच वाटा उरतात : स्पर्धेकडे पाठ फिरविणे, किंवा उतारावर न्यूट्रल टाकून आकडा फुगविणे. दुसऱ्या वाटेवर प्रवाशांचे प्राण पणाला लागतात. म्हणून चालकाची तुलना दुसऱ्या चालकाशी नव्हे, तर त्याच मार्गावरील त्याच गाडीच्या पूर्वीच्या सरासरीशी व्हावयास हवी. प्रशिक्षणाची खरी कसोटीही अशीच लागते : चालकाने ठराविक मार्गावर आधी आपल्या नेहमीच्या पद्धतीने गाडी न्यावी, मार्गदर्शनानंतर त्याच मार्गावर पुन्हा न्यावी, आणि दोन्ही वेळचे इंधन मोजून त्याच्यासमोर मांडावे. स्वतःच्याच दोन आकड्यांतील फरक माणसाला व्याख्यानापेक्षा लवकर पटतो.

गावपातळीवर

सारंगखेड्यासारख्या यात्रेच्या गावी, अथवा कोणत्याही तालुक्याच्या बाजारगावी, ग्रामपंचायत, माध्यमिक शाळा आणि आगार यांनी मिळून असे प्रात्यक्षिक घडविणे अवघड नाही. मात्र मोजमापात काटेकोरपणा हवा. लिटरला ५० किलोमीटर देणारी मोटारसायकल १५ किलोमीटरच्या फेरीत अवघे ३०० मिलिलिटर पेट्रोल खाते. टाकी भरताना ३० मिलिलिटरची चूक झाली, तरी निकालात दहा टक्के फरक पडेल, आणि कौशल्याने होणारी बचत बहुधा तेवढीच असते. त्यामुळे फेरी लांब ठेवावी व टाकी दोन्ही वेळा त्याच सपाट जागी त्याच खुणेपर्यंत भरावी. वाऱ्याचा परिणाम वजा व्हावा म्हणून जाऊन-येऊन अंतर धरावे. फेरी पूर्ण करण्यास कमाल वेळ नेमून द्यावी, म्हणजे कोणी रखडत जाऊन आकडा मिळविणार नाही. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा स्पर्धक बाद ठरावा. इंधन भरण्याची जागा यात्रेच्या गर्दीपासून आणि चुलींपासून दूर असावी, हे वेगळे सांगावयास नको.

शाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडे नोंदींचे काम सोपविल्यास सरासरी, टक्केवारी आणि वेग-अंतराचे गणित त्यांना वहीबाहेर भेटेल. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टँकरपासून आरंभ करणे सर्वांत सोयीचे. त्याचा मार्ग ठरलेला असतो, वजन जवळजवळ ठरलेले असते, आणि लॉगबुक बहुधा असतेच. तीन महिन्यांची सरासरी काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि तिच्याखाली चालकाने सांगितलेल्या दुरुस्त्यांची यादी तारखेनिशी लिहावी, म्हणजे त्यांपैकी किती झाल्या व किती राहिल्या, हेही मासिक सभेपुढे येईल.