खडक आणि लाट
(मत्तय ७:२४-२७ व लूक ६:४७-४९ ह्यांच्या अभ्यासाकरितां)

खडकावरील घराचा दृष्टांत आपणांस तोंडपाठ आहे. परंतु बेलापुराकडील मंडळ्यांतून हा पाठ शिकवितांना मला वारंवार असें आढळतें कीं, खडक म्हणजे सगळा एकच, अशी आपली समजूत असते. विहीर खणणारा मनुष्य असें कधीं म्हणणार नाहीं. माती, मुरूम, मांजऱ्या, मध्येंच तांबड्या मातीचा पट्टा, आणि मग सुरुंगावांचून न फुटणारा काळा पाषाण, हे भेद त्याच्या हातांस ठाऊक असतात. पाण्यासही ते ठाऊक आहेत.

हें पाहण्यास कोंकणचा किनारा उत्तम. लाट आदळली म्हणजे खडकाच्या भेगांतील हवा दाबली जाते व भेग रुंदावते. लाटेबरोबरची वाळू व गोटे कानशीसारखे घासतात. खारें पाणी छिद्रांत वाळलें कीं मिठाचे स्फटिक वाढून दगडाचे कण सुटे करितात. लाट सर्वत्र तीच. परिणाम मात्र खडकाप्रमाणें निराळा.

रायगड जिल्ह्यांत हरिहरेश्वर येथें काळा पाषाण आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या तप्त रसाचे हे थर, म्हणजे आपल्या विहिरींच्या तळाचेच भाऊबंद. समुद्रानें कड्याचा पायथा कापीत कापीत पुढें खडकाचा सपाट ओटा ठेविला आहे, आणि कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखीं घरें पाडिलीं आहेत. असा ओटा झाला म्हणजे लाटेचा बराच जोर त्यावरच मोडतो व कड्याची झीज मंदावते. मुरुडाजवळचा जंजिरा काळ्या खडकाच्या बेटावर आजही उभा आहे. तरी हा पाषाणही झिजतोच. ईयोब १४:१९ पाहावें.

रत्नागिरीकडे प्रकार निराळा. तेथील कड्यांच्या माथ्यावर जांभा असतो. तो ताजा असतां कुऱ्हाडीनें घडवितां येतो व उघडा राहिला कीं कठीण होतो, म्हणून वरून पाहणारास भक्कम वाटतो. परंतु पुष्कळ ठिकाणीं त्याच्या खालीं मऊ चिकणमातीचा थर आहे. पावसाचें पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपून ही माती भिजवितें, आणि खालून लाट तीच माती पोखरिते. मग आधार गेलेले मोठमोठे चिरे एकदम कोसळतात. नवल असें कीं, हेच पडलेले चिरे कांहीं काळ पायथ्याचें रक्षण करितात. समुद्रानें ते फोडून नेले कीं पोखरणें पुन्हा सुरू.

समुद्र आपणांपासून दूर आहे, पण प्रवरा दाराशीं आहे. रंधा येथें ती काळ्या कातळावरून उडी घेते. खालीं आपल्याकडे मात्र तिचे कांठ गाळाचे, म्हणजे चिकणमाती, रेती व गोटे ह्यांचे आहेत. पावसाचे ओघळ त्यांत घळी पाडितात, आणि पूर ओसरतांना भिजलेली दरड उभी चिरून शेतासकट नदींत बसते. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण पाणी अडवितें, पण गाळाचा खडक करीत नाहीं. आपल्या पुष्कळ लोकांच्या वांट्यास गांवाबाहेरची, कांठाकडचीच जागा आलेली आहे. ती त्यांनीं निवडिली नव्हती, हें शिकवितांना ध्यानांत ठेवावें.

मत्तय खडक सांगतो. लूक त्या मनुष्याचें खोल खणणेंही सांगतो. उपदेशकांनीं येथें थांबावें. जांभ्याच्या कड्यावर राहणाराही म्हणेल कीं, माझें घर दगडावर आहे.

ह्या आठवड्यांत मुलांस एखाद्या कोरड्या, कठडा असलेल्या विहिरीशीं न्यावें व किती हातांवर माती संपून मुरूम लागतो, हें त्यांच्याकडून मोजवून घ्यावें. कांठाजवळ घर किंवा मंदिर बांधावयाचें असल्यास तोच आंकडा गवंड्यास आधीं सांगावा, आणि दरडीच्या माथ्यावर नदीशीं समांतर भेग दिसली तर तेथें पाया घालूं नये.