रेषेबाहेरची माणसे

मंडळी, मागच्या हिवाळ्यात आम्ही नाशिकला गेलो होतो. आमचा नातू तिथे एका लहानशा कॉलेजात शिकतो. त्याच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना होता. तो पाहायला आम्ही गेलो. सोबत आमच्या गावचे एक आबा होते. आबांनी जन्मभर कुस्ती पाहिली, कबड्डी पाहिली. हा खेळ मात्र त्यांना नवा होता.

सामना चांगला रंगला. दोन मिनिटे उरली तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. खेळ क्षणभर थांबला. रेषेबाहेर एक माणूस उभा होता. त्याने खूण केली आणि आपला सर्वांत चांगला गडी बाहेर बोलावला. त्याच्या जागी एक साधारण मुलगा आत गेला. शेवटी आमच्या नातवाचा संघ दोन गुणांनी हरला.

आबा चिडले. म्हणाले, "मास्तर, हा बाबा स्वतः तर खेळत नाही. वर चांगल्या गड्याला बाहेर काढतो. मंग हा इथं आहे तरी कशाला?"

आबांचा प्रश्न खरा होता. तुमच्याही मनात तो येईल. त्याचे उत्तर या धड्यात पाहू.

खेळ कसा आहे?

आधी खेळ समजून घेऊ. बास्केट म्हणजे टोपली आणि बॉल म्हणजे चेंडू. चेंडू टोपलीत टाकायचा, एवढाच हा खेळ. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. त्याला कोर्ट म्हणतात. दोन्ही टोकांना उंचावर एक लोखंडी कडे असते. कड्याला जाळी लावलेली असते. हे कडे जमिनीपासून १० फूट उंच असते.

एका बाजूचे पाच गडी आत खेळतात. बाकीचे बाकावर बसतात. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही. जमिनीवर टप्पे देत न्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्याकडे फेकावा लागतो. चेंडू कड्यातून गेला की दोन गुण. फार लांबून टाकला तर तीन गुण. दांडगाई केली तर पंच चूक मोजतात. पाच चुका झाल्या की तो गडी त्या सामन्यातून बाद.

हा खेळ फार वेगाचा आहे. आतल्या गड्याला विचार करायला वेळ मिळत नाही. मोट हाकणाऱ्याला विहिरीचा तळ दिसत नाही. काठावर उभा राहिलेल्याला तो दिसतो. तसेच इथेही आहे. रेषेबाहेर उभा राहून सगळा खेळ पाहणारा जो माणूस, त्याला प्रशिक्षक म्हणतात. मुले त्याला कोच म्हणतात. प्रशिक्षक म्हणजे शिकवून तयार करणारा.

खेळ शोधणारे मास्तर

हा खेळ कुणी राजाने काढला नाही. तो एका मास्तरांनी काढला. त्यांचे नाव जेम्स नेस्मिथ. ते मूळचे कॅनडा देशाचे. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी ते व्यायाम शिकवीत. १८९१ सालची गोष्ट. थंडीचे दिवस होते. बाहेर बर्फ पडे. मुलांना मैदानावर नेता येत नव्हते. घरात तोच तोच व्यायाम करून मुले कंटाळली होती. वर्गात १८ जण होते. वरिष्ठांनी नेस्मिथांना सांगितले, छपराखाली खेळता येईल असा खेळ चौदा दिवसांत काढा.

नेस्मिथांनी शाळेच्या रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दोन बाजूंच्या सज्जांना खिळ्यांनी ठोकल्या. सज्जा १० फूट उंच होता. म्हणून कडे आजही १० फुटांवरच असते. टोपलीला बूड होते. चेंडू आत पडला की वर चढून काढावा लागे. नेस्मिथांनी तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू झाला.

पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथल्या संघाचे ते पहिले प्रशिक्षक झाले. आता गंमत पाहा. ज्यांनी खेळ काढला, त्यांच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. पण त्यांची थोरवी हारजितीवर मोजता येणार नाही. ती त्यांच्या एका शिष्यात दिसते.

१९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा तरुण त्या विद्यापीठात आला. तो काळ्या वर्णाचा होता. त्या काळी तिथे वर्णभेद होता. काळ्या मुलाला विद्यापीठाच्या संघात घेत नसत. आपल्याकडे अस्पृश्यतेने जे केले, तेच तिथे वर्णभेदाने केले. म्हाताऱ्या नेस्मिथांनी या मुलाला जवळ केले आणि आपली विद्या दिली. मॅक्लेंडन संघात कधी खेळू शकला नाही. पण पुढे तो लहान लहान कॉलेजांचा प्रशिक्षक झाला. टेनेसी राज्यातील त्याच्या कॉलेजने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिला नंबर मिळवला. ज्याला रेषेच्या आत येऊ दिले नाही, त्याने रेषेबाहेर उभे राहून इतरांना जिंकायला शिकवले.

एक काम, अनेक हात

अमेरिकेत लहान कॉलेजच्या संघालाही बहुधा एकच कोच नसतो. तीन-चार जण मिळून काम करतात. आषाढीच्या दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतो, पखवाजवाला असतो, पाणी वाहणारा असतो. एकट्याने दिंडी चालत नाही. तसेच हे आहे.

पहिला मुख्य प्रशिक्षक. कोण खेळणार, कसे खेळणार, हे तो ठरवतो. सामन्यात मध्येच खेळ थांबवून गड्यांना चार शब्द सांगायचे असतात. त्याला टाइम-आउट म्हणतात. तो एक मिनिटाचा असतो. पहिल्या अर्ध्या खेळात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन, एवढेच मिळतात. पैशासारखे ते जपून वापरावे लागतात.

दुसरा सहायक प्रशिक्षक. समोरच्या संघाची खोड तो ओळखतो. कोण डावरा आहे, कोण लवकर दमतो, हे टिपून ठेवतो. सराव घेताना एकेका मुलाला बाजूला घेऊन शिकवतो.

तिसरा शरीराची काळजी घेणारा. खेळाआधी अंग मोकळे करून घेणे, वेळेवर पाणी देणे, दुखापत पाहणे, हे त्याचे काम.

चौथा व्यवस्थापक. त्याला मॅनेजर म्हणतात. प्रवास, जेवण, कपडे, कागदपत्रे आणि हिशेब तो पाहतो.

आपल्याकडे काय होते?

नाशिकला पहिले कॉलेज १९२४ साली निघाले. ते ह. प्रा. ठा. कॉलेज. आज जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला कॉलेजे आहेत. यांतली पुष्कळशी कॉलेजे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाला जोडलेली आहेत. आधी नाशिक भागातली कॉलेजे आपसांत खेळतात. मग एका भागाचा संघ दुसऱ्या भागाशी खेळतो. त्यातून निवडलेली मुले विद्यापीठाच्या संघात जातात आणि दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतात.

पण लहान कॉलेजात या चार जणांचे काम कोण करतो? बहुधा एकच माणूस. त्याला शारीरिक शिक्षण संचालक म्हणतात. मुलांचा तो नुसता 'सर' असतो. बास्केटबॉलही त्याचाच आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणेही त्याचेच. मुलांची नावे तोच भरतो. एस.टी.ची तिकिटे तोच काढतो. चेंडूत हवा तोच भरतो. पाय मुरगळला तर तोच पाहतो.

शहाणा सर मग काय करतो? तो हात गोळा करतो. जुना विद्यार्थी गावात असला तर संध्याकाळी त्याला बोलावतो. वरच्या वर्गातल्या मुलाकडे नवी मुले सोपवतो. कॉलेजच्या शिपायाला मैदान झाडायला आणि पाण्याची कळशी भरायला आपलेपणाने सांगतो. जवळच्या डॉक्टरांशी ओळख ठेवतो. पगारी माणसे नसली, तरी त्याचा चौघांचा मेळ होतो.

चांगला प्रशिक्षक काय करू शकतो, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत ही आदिवासी घरातली मुलगी. नाशिकला विजेंद्र सिंग या प्रशिक्षकांनी तिला धावण्यात तयार केले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. म्हणजे मैदानाला २५ फेऱ्या. त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ वेगळा, पण रेषेबाहेरच्या माणसाचे काम तेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला १९८५ साल उजाडले. मध्ये २४ वर्षे गेली. शिकवणाऱ्याची आठवण आपल्याला अशी उशिरा होते.

आमची चूक

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी आम्ही आमचे सांगतो. आम्ही एका शाळेचे हेडमास्तर होतो. आमच्याकडे खेळाचे एक चांगले शिक्षक होते. पण खेळाचे काम म्हणजे रिकामे काम, असे आम्हाला वाटे. म्हणून आम्ही त्यांना शिष्यवृत्तीचे फॉर्म दिले, खिचडीचा हिशेब दिला. खेळाचा तास काढून गणिताला दिला.

एकदा तालुक्याला कबड्डीचे सामने होते. त्याच दिवशी एक तक्ता वर पाठवायचा होता. आम्ही खेळाच्या शिक्षकांना ऑफिसात बसवले आणि मुलांना घेऊन स्वतः गेलो. खेळता खेळता एका मुलाचा गुडघा पिरगळला. तो खाली बसला. आम्ही बाहेरून ओरडलो, "ऊठ, एवढ्यानं काय होतं!" गुरुजींचा शब्द म्हणून पोरगं उठलं. पुन्हा खेळलं. सामना आम्ही जिंकला. ढालही मिळाली.

तो गुडघा पुढे कधी नीट झाला नाही. आज तो मुलगा बापया माणूस झाला आहे. शेती करतो. बांधावरून उतरताना एका हाताने गुडघा धरतो. आम्ही भेटलो की अजून वाकून नमस्कार करतो. कधी एका शब्दाने बोलला नाही. ढाल शाळेच्या कपाटात आहे. ती पाहायची आम्हाला लाज वाटते.

आता नाशिकच्या सामन्याकडे वळू. सामना संपल्यावर आम्ही आबांना हात धरून बाकाजवळ नेले. तो चांगला गडी बसला होता. त्याचा घोटा सुजायला लागला होता. प्रशिक्षक जमिनीवर बसून त्याच्या पायाला कापडात गुंडाळलेला बर्फ लावत होते. आम्ही विचारले, "सर, तुम्हाला कधी कळलं?" ते म्हणाले, "उडी मारून तो एकाच पायावर उतरत होता. तो सांगणार नव्हता. म्हणून मीच काढला."

आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बरं केलं सर तुम्ही. सामना पुढल्या वर्षीबी येईल."

गावाने काय करावे?

आपल्या मुलांना कोण खेळवतो, हे आपण जाऊन पाहावे. त्याचे नाव माहीत करून घ्यावे. जिंकलेल्या मुलाला हार घालतो, तेव्हा त्यालाही शेजारी बसवावे. त्याला एकटा ठेवू नये. कुणी मैदानावर पाणी मारावे, कुणी जुन्या खेळाडूने तासभर जावे. हरल्यावर त्याला शिव्या देऊ नयेत. त्याने मुलाला बाहेर का काढले, हे आधी विचारावे.

आणि एवढे घरोघरी लक्षात ठेवा. पाय मुरगळला तर लगेच चोळू नये. खेळ थांबवावा. बर्फ कापडात गुंडाळून लावावा. पाय उशीवर उंच ठेवावा. पायावर भार देता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. "एवढ्यानं काय होतं," असे कधी म्हणू नये.

सांगा पाहू

१. कडे जमिनीपासून १० फूट उंच का असते?
२. संघासाठी रेषेबाहेर कोणकोणती कामे करावी लागतात?
३. नाशिकच्या प्रशिक्षकांनी चांगला गडी बाहेर का काढला? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
४. तुमच्या गावात मुलांना कोण खेळवतो? त्याचे नाव वहीत लिहा.