गिलोय, गुळवेल, अमृतबळ्ळी : जुन्या औषधाची नवी परीक्षा



आमच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या मुलांनी औषधी वनस्पतींचा एक तक्ता लावला होता. तुळस, अडुळसा, कोरफड, हळद आणि मधोमध गुळवेल. गुळवेलीच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘सर्व रोगांवर रामबाण’. हे कशावरून, असे आम्ही विचारले. एकाने सांगितले, आजी म्हणते. दुसऱ्याने सांगितले, मोबाइलवर आले होते. तिसरी मुलगी जरा विचार करून म्हणाली, “सर, करोनात आमच्या घरी सगळे रोज काढा प्यायले, कुणाला काही झाले नाही.”

पहिल्या दोन उत्तरांपेक्षा हे तिसरे उत्तर आम्हांला अधिक मोलाचे वाटले, कारण त्यात निदान एक निरीक्षण आहे. परंतु शेजारच्या घरी कुणीच काढा घेतला नाही आणि तेथेही कुणाला काही झाले नाही, असे निघाले तर? मग श्रेय काढ्याला द्यायचे की नशिबाला? औषधाने गुण आला की आपोआप बरे वाटले, हे एका घरावरून ठरत नाही. त्यासाठी सारख्याच आजाराचे पुष्कळ रुग्ण घ्यावे लागतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडावे लागतात. एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि शक्य असेल तेव्हा कोणाला काय दिले हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कळू द्यायचे नाही. रुग्णाची संमती तर आधी हवीच. यालाच वैद्यकीय चाचणी म्हणतात.

जुन्या औषधाला अशा परीक्षेस बसवणे म्हणजे त्याचा अपमान, असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा असते त्याचीच आपण परीक्षा घेतो. हे काम आपल्या मुंबईत कसे झाले आणि चीनमध्ये कसे झाले, ते पाहू, आणि मग पुन्हा गुळवेलीकडे येऊ.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले; त्या भागात या मुळीला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. म्हणजे वेड आणि निद्रानाश यांवर तिचा उपयोग खेडोपाडी ठाऊक होता. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की ही मुळी रक्तदाबही उतरवते. गणनाथ सेन हे कविराज होते आणि पाश्चात्य वैद्यकही शिकलेले होते. परंतु त्यांच्या लिखाणाकडे जगाचे लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते १९४९ साली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या, कोणाचा दाब किती होता आणि किती उतरला ते आकड्यांत मांडले, आणि तो लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आणला. ‘अनेकांना गुण येतो’ आणि ‘५० पैकी इतक्यांना इतका गुण आला’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते या लेखाने ओलांडले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

येथवरची गोष्ट अभिमानाची आहे आणि भाषणांत ती येथेच संपवतात. पण ती पुढेही आहे. रेसर्पिन मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागल्यावर काही रुग्णांना खोल उदासीनता येते असे डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि आज अधिक चांगली औषधे असल्याने ते क्वचितच दिले जाते. शेकडो वर्षांच्या वापरात जे कुणी लिहून ठेवले नव्हते, ते नोंदी ठेवू लागल्यावर दिसले. गुण मोजायला घेतले की दोषही मोजले जातात.

आता चीन. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली तेथे गेले व १९४२ साली तेथेच वारले, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. त्याच देशात १९६७ साली मलेरियावर औषध शोधण्याची एक गुप्त सरकारी मोहीम सुरू झाली. तारीख २३ मे, म्हणून तिचे नाव ‘प्रकल्प ५२३’. १९६९ साली तिच्यातील एका तुकडीचे काम तू यूयू या महिलेकडे आले. त्या आधुनिक औषधशास्त्राच्या पदवीधर होत्या आणि नंतर सुमारे अडीच वर्षे त्यांनी पारंपरिक चिनी वैद्यकाचा अभ्यास केला होता. दोन्ही विद्या एका माणसात असणे किती उपयोगी पडते ते पाहा. त्यांच्या तुकडीने जुन्या पोथ्यांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर पाठ गोळा केले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क काढून उंदरांवर तपासले. चिंगहाओ नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी गुण दाखवी, कधी नाही.

तेव्हा त्यांनी पोथी पुन्हा उघडली. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने लिहिले होते, की मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवावे, पिळावे आणि तो रस प्यावा. उकळावे असे त्यात नव्हते! उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असे तू यूयू यांना सुचले. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधील मलेरियाचे जंतू पूर्णपणे घालवले. १९७२ साली त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला, आणि मग हैनान बेटावर २१ रुग्णांना तो दिला गेला. या द्रव्याचे नाव आर्टेमिसिनिन. २०१५ सालचे वैद्यकाचे अर्धे नोबेल पारितोषिक त्यासाठी तू यूयू यांना मिळाले.

यात आणखी एक अडचण होती, ती भाषेच्या शिक्षकाला विशेष भावते. चिंगहाओ या एका नावाखाली चिनी बाजारात अनेक झाडे विकली जात. पुरेसे औषधी द्रव्य मात्र त्यांतील एकाच जातीत निघाले. नाव एक, झाडे अनेक.

आपल्या गुळवेलीचे उलट आहे. झाड एक आणि नावे अनेक : आमच्यासाठी गिलोय, देशपांडे नगरातील मराठी घरांत गुळवेल, शेजारच्या कन्नड घरांत अमृतबळ्ळी, संस्कृतात गुडूची. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. पुन्हा के.ई.एम.कडेच जायचे आहे. तेथे औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदीय औषधांच्या संशोधनाचे मोठे काम उभे केले. झाडाफुलांवर मराठीत सुंदर लिहिणाऱ्या त्या याच. त्यांनी, डॉ. निर्मला रेगे आणि शल्यविशारद डॉ. रवी बापट आदींनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताची वाट अडल्याने कावीळ झालेले ३० रुग्ण त्यांनी घेतले. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावते आणि शस्त्रक्रियेत धोका वाढतो. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि शिवाय गुळवेल. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, दुसऱ्यात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटात ४० टक्के वाचले, दुसऱ्या गटात ९२ टक्के.

आकडे थक्क करणारे आहेत. पण रुग्ण तीसच होते. एवढ्यावरून कायम निर्णय होत नाही, मोठी चाचणी हवी. आणि पालकांनी एक शब्द अधोरेखित करावा अशी आमची विनंती आहे : ‘शिवाय’. गुळवेल प्रतिजैविकांच्या ऐवजी दिली नव्हती, शस्त्रक्रियेच्या ऐवजी तर नाहीच. ती सोबत दिली होती, मोजून, रुग्णालयात, रोज तपासणाऱ्या डॉक्टरांच्या देखत.

करोनाच्या काळात हे सारे गळून पडले आणि उरले ते फक्त ‘गुळवेल चांगली’. किती घ्यायची, किती दिवस, कोणी, काही नाही. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. ते सर्व गुळवेल घेत होते. हा अहवाल २०२१ साली निघाला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. त्यांतील अनेकांना आधीपासून मधुमेह, थायरॉईड किंवा यकृताचा विकार होता. जी वेल प्रतिकारशक्तीला चेतवते, ती काही शरीरांत त्या शक्तीला आपल्याच यकृतावर सोडत असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, की गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल लोकांनी घेतली असावी. त्या वेलीच्या खोडावर बारीक फोडांसारखे उंचवटे असतात. म्हणजे चिनी बाजारातला तोच जुना प्रश्न : झाड नेमके कोणते?

हा वाद संपलेला नाही. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. कोण बरोबर हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण दुर्गद बैलातल्या दुकानातून पुडी आणताना, किंवा कुंपणावरची वेल तोडताना, हे दोन्ही प्रश्न आपल्याला लागू पडतात एवढे आम्ही निश्चित म्हणू.

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमच्या परिचयातील एका आजोबांनी कोणाच्या सांगण्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करून एक चूर्ण सुरू केले. सत्यनारायणाच्या पूजेला बसले असता भोवळ येऊन पडले. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, काय काय घेता? घरच्यांनी गोळीचे नाव सांगितले. चूर्णाचे कुणीच सांगितले नाही. डॉक्टर रागावतील ही भीती, आणि चूर्ण म्हणजे काही औषध नव्हे ही समजूत. तिसऱ्या दिवशी नातीने सांगितले, तेव्हा कुठे डॉक्टरांना उलगडा झाला. आजोबा आज बरे आहेत. ती नात आपल्याच शाळेत आहे.

हेच वैद्यांकडेही घडते. तेथे गोळ्या लपवल्या जातात. गुळवेलीने रक्तातील साखर कमी होऊ शकते. जो मधुमेहाची गोळीही घेतो, त्याच्या बाबतीत दोघांनाही दोन्ही माहीत असणे आवश्यक आहे.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक छोटी विनंती ठेवली आहे. विद्यार्थ्यांच्या आरोग्य-पत्रिकेत आज ‘चालू औषधे’ असा एकच रकाना आहे, आणि त्यात पालक फक्त डॉक्टरांच्या गोळ्या लिहितात. त्याखाली ‘काढा, चूर्ण, मात्रा, घरगुती औषध’ असा दुसरा रकाना छापावा; नाव, केव्हापासून, कोणी दिले आणि कोणत्या गोळीसोबत, एवढे लिहिण्याइतकी जागा असावी. छपाईचा खर्च फारसा वाढत नाही, चौकशी केली आहे. संमती मिळाल्यास नवी पत्रिका जूनमध्ये मुलांच्या हाती देऊ. ती भरताना पालकांनी आजी-आजोबांना जवळ बसवून घ्यावे. बाटली कुठल्या कपाटात असते ते बहुधा त्यांनाच ठाऊक असते.