मापाचं ब्लाऊज परत मागितलं तेव्हा

आजार मला कसा झाला, कोणामुळे झाला, हे इथे सांगणार नाही. तो प्रश्न विचारणाऱ्यांनीच मला सगळ्यात जास्त छळलं आहे. एवढं पुरे की एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या मी चुकवत नाही आणि माझा व्हायरल लोड तपासणीत सापडत नाही इतका खाली आहे.

पित्ताशयात खडे निघाले. भाच्याने शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना कळायला हवं, म्हणून मी आपणहून सांगितलं. बोलायला माणूस गोड. "काही काळजी करू नका ताई." मग भूल देणारे डॉक्टर आले नाहीत. मग मशीन बिघडलं. मग म्हणे तुमच्यासाठी वेगळं किट लागेल, त्याचे जास्तीचे पैसे भरा. त्यालाही हो म्हटलं, तर "आमच्याकडे सोय नाही, सरकारी दवाखान्यात, घाटीत जा." शेजारच्या खाटेवरच्या बाईचं तेच ऑपरेशन त्याच दुपारी झालं. मशीन तेवढ्यापुरतं दुरुस्त झालं असावं.

सुट्टीच्या कागदावर मी सही केली, तर सिस्टरने ते पेन चिमटीत धरून माझ्यादेखत कचऱ्यात टाकलं. वर काउंटरवरून ओरडली, "ती पॉझिटिव्हची फाईल इकडे दे गं!" बाकड्यावर आमच्याच तालुक्यातली माणसं बसली होती.

ऑपरेशन घाटीत झालं. गर्दी होती, वेळ लागला, पण कोणी पेन फेकलं नाही.

मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. गिऱ्हाइकाचं मापाचं ब्लाऊज शिवणारीकडे वर्षानुवर्षं पडून असतं, कोणाला त्याची आठवणही नसते. गावी फुलंब्रीला परतले आणि एका वहिनींनी ते मागितलं. "घट्ट होतंय की काय, घालून बघते." दुपारी दुसऱ्या आल्या. संध्याकाळी तिसरीने पोराला धाडलं, तो उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करून उभा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लग्नसराई तोंडावर, आणि बेतून ठेवलेली कापडंसुद्धा बाया उचलून नेत होत्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर उत्तर तरी दिलं असतं. सुई टोचलेल्या बोटाने कापडाला हात लावला तर काय, असं एकीने माझ्या जावेला विचारलं म्हणे. यातल्या दोघींच्या मुलींच्या बारशाची झबली मी शिवलेली आहेत, तेव्हाही माझं कार्ड घाटीत होतंच.

आता तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर ऐका. दवाखाना नाही म्हणाला की "कारण लेखी द्या" म्हणा. मी म्हटलं नाही, कारण पोट दुखत होतं. म्हणून सोबतच्या माणसाला हे आधीच पढवून न्या. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. उपचार, नोकरी, शाळा, भाड्याचं घर, कुठेच या कारणाने भेदभाव चालत नाही. तुमची संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल चारचौघांत सांगता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव विचारा, चेहरे बघण्यासारखे होतात. वर राज्याने नेमायचा लोकपाल आहे, त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो. कोर्टात जायचं झालं तर टोपणनावाने जाता येतं. 1997 मध्ये एका रोजंदारी कामगाराने मुंबई उच्च न्यायालयात असंच खरं नाव झाकून दाद मागितली. काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. हे मला समुपदेशक ताईंनी सांगितलं. नंतर.

किटचे पैसे भरू नका. रक्ताशी संबंध येतो तिथे हातमोजे प्रत्येकच रोग्यासाठी घालायचे असतात. ज्याला आपला आजार माहीतच नाही, त्याच्यापासून धोका जास्त, माझ्यापासून नाही.

ऑपरेशननंतर कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड दिलं तर एआरटीतल्या डोल्यूटेग्राविरच्या गोळीबरोबर घेऊ नका, गोळीचा परिणाम घटतो. एआरटी केंद्रात वेळा विचारून घ्या. संजय गांधी निराधार योजनेत आपल्याला अर्थसाहाय्य मिळू शकतं, पण अर्जाची चर्चा चावडीवर होऊ देऊ नका. 1097 हा फुकटचा नंबर पाठ करा. आणि हिंमत ठेवा वगैरे, ते सगळे सांगतातच.

दवाखान्याला मी पत्र धाडलं, तक्रार अधिकारी कोण ते कळवा म्हणून. उत्तर आलं नाही, फोन आला. "ताई, एवढं कशाला ताणता?" मी म्हटलं, हेच लेखी द्या. पुढचा अर्ज लिहून तयार आहे.

वहिनी मात्र परत आल्या. शहरातल्या शिलाईचे भाव ऐकून आल्या असणार. मापाचं ब्लाऊज पुढे करत म्हणाल्या, जुन्या ओळखीने काही कमी करा. मी दर वाढवून सांगितला, आणि पैसे आधी घेतले.