थोडा गोंधळ हवाच! क्वांटम वॉक आणि एमआरटीचा त्रिकोण

नाणेफेक करत चालणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. छापा आला की एक पाऊल उजवीकडे, काटा आला की डावीकडे. १०० पावलांनंतर तो सुरुवातीच्या जागेपासून साधारण १० पावलांवर असतो. क्वांटम कण मात्र लाटेसारखा दोन्हीकडे एकदम पसरतो. लाटा कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. त्यामुळे १०० पावलांनंतर तो सुमारे ७० पावलांच्या आसपास सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. हाच क्वांटम वॉक. ही कल्पना १९९३ साली मांडली गेली.

आता यात 'नॉइज' आणू. नॉइज म्हणजे इथे आवाज नव्हे, तर उष्णतेची थरथर, भटकी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे वगैरे. त्याने लाटांचा ताल बिघडतो आणि तो वेगाचा फायदा गळून जातो. म्हणूनच सिंगापूरच्या सेंटर फॉर क्वांटम टेक्नॉलॉजीजसारख्या संस्थांत अणूंना निर्वात कक्षात जपून ठेवण्याची एवढी धडपड चालते.

पण रेषेऐवजी जाळे घेतले की गोष्ट बदलते.

सिंगापूरकरांच्या ओळखीचा त्रिकोण घ्या: बिशान, सेरंगून आणि धोबी घाट. प्रत्येक जोडी एकेका एमआरटी मार्गाने जोडलेली आहे. तिन्ही बाजू सारख्याच धरू. कण बिशानहून निघतो आणि बाहेर पडायचे दार फक्त धोबी घाटला आहे. नाणेफेक करणारा प्रवासी आज ना उद्या बाहेर पडेलच. क्वांटम कणाचे तसे नाही! त्याची सुरुवातीची अवस्था दोन समान भागांची बेरीज असते. एका भागात बिशान आणि सेरंगूनच्या लाटा एका तालात असतात, दुसऱ्यात नेमक्या उलट तालात. उलट तालातल्या लाटा धोबी घाटला पोहोचताना एकमेकींना रद्द करतात. म्हणजे कण कायमचा अडकून राहण्याची शक्यता ५० टक्के!

आता प्रत्येक स्थानकावर थोडा स्वतंत्र नॉइज येऊ द्या. उलटा ताल टिकत नाही, अडकलेला भाग मोकळा होतो आणि कण शेवटी नक्की बाहेर पडतो. नॉइज फारच वाढवला, तर मात्र कण जागचा हलेनासा होतो. वैद्यनाथ मिश्र आणि सुदर्शन यांनी १९७७ साली झेनोच्या विरोधाभासाचे नाव दिलेल्या 'क्वांटम झेनो परिणामा'चाच हा भाऊबंद. थोडक्यात, आमटीतल्या मिठासारखे: बेताचेच हवे.

हेच गणित प्रकाशसंश्लेषणाला लावले गेले. २००७ साली हरित गंधक जीवाणूंच्या एका प्रथिनात, उणे १९६ अंश सेल्सिअसला, लाटांसारखी स्पंदने दिसली. २००८ मध्ये दोन गटांनी नॉइज ऊर्जेच्या प्रवासाला मदत करतो, असे गणिताने दाखवले. 'झाड म्हणजे क्वांटम संगणक' अशा बातम्याही आल्या. पुढच्या प्रयोगांनी त्यांना आवर घातला. ती दीर्घ स्पंदने प्रामुख्याने रेणूंच्या कंपनांची होती, असे २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात म्हटले आहे. म्हणजे 'नॉइज मदत करतो' हे गणित शाबूत राहिले, पण पान संगणक ठरले नाही. हे दोन दावे वेगळे ठेवायला हवेत.

जाता जाता गृहपाठ: प्रत्येक स्थानक इतर सर्वांशी जोडलेले, अशी चार स्थानके घेतली, तर नॉइजशिवाय बाहेर पडण्याची शक्यता एक-तृतीयांश उरते. का, ते कागदावर करून पाहा.